मार्जारमीन, कृष्णाखोऱ्यातील

सिल्युरिफॉर्मीस गणातील माशांना मार्जारमीन म्हणतात. मुखाभोवती मांजराच्या मिशांसारख्या लांब स्पृशा असल्यामुळे त्यांना हे नाव पडले आहे. जगात त्यांच्या सु. ४,००० जाती असून बहुसंख्य गोड्या पाण्यात राहतात. सातारा व सांगली जिल्ह्यांतून वाहणारी कृष्णा आणि तिला मिळणाऱ्या वेण्णा, कोयना व वारणा ह्या नद्यांत ह्या गणातील अनेक कुलांचे मासे आढळतात. त्यांतील काही जाती पश्चिम घाट व दख्खन सोडून अन्यत्र कोठेही आढळत नाहीत.

ह्या माशांच्या अंगावर खवले नसतात. त्वचा गुळगुळीत व बुळबुळीत असते. स्पृशांवर रुचिग्राहक पेशी असल्यामुळे गढूळ पाण्यात वा रात्री त्यांना भक्ष्य शोधता येते. पृष्ठपक्ष व अंसपक्ष यांच्या पुढील टोकाला बहुधा बळकट काटा असतो. तो टोचल्यास तीव्र वेदना होतात, म्हणून कोळी मासा जाळ्यातून काढताना काटा जपून हाताळतात. अनेक जातींत पृष्ठपक्षामागे मांसल वसापक्ष असतो.

नदीच्या उगमाकडील खडकाळ, वेगवान प्रवाहात ग्लिप्टोथोरॅक्स प्रजातीचे लहान मासे राहतात. त्यांच्या वक्षावर त्वचेच्या वळ्या असून त्यांच्या साहाय्याने ते दगडाला घट्ट चिकटून राहतात. सातारा जिल्ह्यातील मेढा येथे वेण्णा नदीत मिळालेल्या नमुन्यांवरून सुंदरलाल होरा यांनी १९३८ मध्ये ग्लिप्टोथोरॅक्स ट्रेवाव्हासी ह्या जातीचे वर्णन केले. मैदानी पात्रात शिंगटी, शिंगाळा व शिवडा हे मासे आढळतात. शिंगाळा तळाशी खळगा करून त्यात अंडी घालतो. शिवडा (वॅलॅगो अट्टू) मोठ्या जबड्याचा, मत्स्याहारी असून तो एक मीटरपेक्षाही लांब वाढतो.

मार्जारमिनांच्या शास्त्रीय नावांत मराठी भाषेचा ठसा उमटलेला आहे. डब्ल्यू. एच. साइक्स ह्या ब्रिटिश अधिकाऱ्याने दख्खनमधील माशांचा अभ्यास करून १८३९ मध्ये अनेक नव्या जाती प्रसिद्ध केल्या. त्याचे बरेचसे काम कृष्णेची उपनदी भीमा हिच्या खोऱ्यात झाले. नावे देताना त्याने बहुधा स्थानिक नावेच लॅटिन वळणाने लिहिली. स्पेराटा सींघाला (शिंगाळा), मिस्टस सींगटी (शिंगटी), रिटा कुटुर्नी, रिटा गोग्रा (घोगरा) व प्रोयुट्रोपिइक्थिस ताक्री ही त्यांची उदाहरणे होत. पुढे सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ मध्ये कोल्हापूरच्या पंचगंगेतील एका माशाला ‘खवलचोर’ हे जातिनाम दिले. दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाण्याची सवय त्यात नेमकी व्यक्त झाली आहे. ही जाती आता पॅकिप्टेरस प्रजातीत गणली जाते. पंचगंगा सांगलीच्या खाली नरसोबाच्या वाडीजवळ कृष्णेस मिळते.

काचेच्या जलजीवालयात ठेवण्यासाठी विदेशी मार्जारमिनांना मोठी मागणी असते. तळातील उरलेले अन्न वेचणारे छोटे कोरिडोरस, पारदर्शक देहाचे काचमासे व काचेवरील शैवल खरवडणारे चूषमुखी मासे विशेष लोकप्रिय आहेत. दक्षिण अमेरिकेतील चूषमुखी टेरिगोप्लिक्थिस विक्रीच्या वेळी बोटाएवढा असला, तरी पुढे सु. अर्धा मीटर वाढतो. टाकी अपुरी पडू लागली म्हणजे तो नदीत वा तळ्यात सोडला जातो. त्याच्या अंगावरील कठीण पट्टांमुळे जाळी फाटतात व नदीकाठ पोखरला जातो. भीमेवरील उजनी जलाशयात तो आढळू लागला आहे. आफ्रिकी मागूर (क्लॅरियस गॅरिपिनस) हवेतील ऑक्सिजन घेऊ शकत असल्याने दूषित पाण्यातही तगतो व अतिशय खादाड आहे. त्याच्या संवर्धनावर भारत सरकारने २००० मध्ये बंदी घातली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ती अंमलात आणण्याचे आदेश दिले. बाजारात ‘थाई मागूर’ म्हणून विकला जाणारा मासा तो हाच. देशी मागूर (क्लॅरियस मागुर) त्याहून वेगळा होय.

परक्या माशांइतकाच बदललेल्या नद्यांचाही धोका स्थानिक जातींना आहे. कृष्णेवरील धोम, वेण्णेवरील कण्हेर व कोयना ह्या धरणांमुळे शेतीला पाणी व राज्याला वीज मिळाली. परंतु जलाशयाखाली गेलेल्या भागात ग्लिप्टोथोरॅक्ससारख्या प्रवाहप्रिय माशांना लागणारे वाहते पाणी राहिले नाही. खालच्या पात्रात बंधारे, वाळूउपसा व सांडपाणी यांचा परिणाम जाणवतो. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मोठ्या प्रमाणावर मासे मरून पडले होते. तळाशी राहणाऱ्या व तेथेच अंडी घालणाऱ्या मार्जारमिनांना तळ बिघडल्यावर दुसरा आसरा नसतो.

संवर्धनासाठी उगमाकडील वाहते ओढे व पात्रातील खोल डोह राखणे, विणीच्या काळात मासेमारी आवरणे आणि टाकीतील मासे नदीत न सोडणे हे उपाय आवश्यक आहेत. कोणता मासा कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात मिळे, याची माहिती जुन्या कोळ्यांकडे असते. साइक्सच्या यादीचा पायाही अशीच माहिती होती. म्हणून ती नोंदवून ठेवणे हेही ह्या अभ्यासाचेच अंग होय.