बनेटीतील मोकळी जागा

बनेटी, म्हणजे दोन्ही टोकांस पेटते बोळे असलेली काठी, फिरविण्याचे कसब वेगात आहे, असे आम्हांस वाटे. विसर्जनाच्या मिरवणुकीत महाराज बाड्यावर, जिवाजीरावांच्या पुतळ्यासमोर, आमचाच एक विद्यार्थी ती चहूबाजूंनी गरगरा फिरवीत होता. दिसत होता तो नुसता जाळधूर. वस्तादांनी त्यास थांबविले. “अरे, यात तू कुठे आहेस?”

मग त्याने पाय रोवले आणि एकच कडे अंगासमोर धरले. ज्वालेच्या आतल्या काळोखात त्याचा चेहरा तसबिरीसारखा उजळला. न्यूझीलंडच्या माओरींकडून जगभर गेलेल्या ‘पोई’त, दोरीच्या गोळ्यांच्या खेळात, हीच मोकळी जागा राखतात. मात्र काठी वीतभर जवळ आली की चटका ठरलेला. दुसऱ्या दिवशी वर्गात तो मनगट बाहीत लपवून बसला होता. आम्हीही विचारले नाही.