ध्रुवावरचे बर्फ आणि आपला खारबांध

रायगड जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावी खारबांधाच्या दुरुस्तीसाठी बैठक भरली होती. प्रस्तुत लेखकाने तेथे ध्रुवप्रदेशातील बर्फ वितळत असल्याचा विषय काढला, तेव्हा एक वृद्ध शेतकरी म्हणाले, "साहेब, ते बर्फ राहिले हजारो कोस दूर. आमच्या बांधाला खेकड्यांनी बिळे पाडली आहेत, त्याचे आधी बोला." सभेत हशा पिकला. सूचना रास्तच होती. बिळांचे आधी बोललो. परंतु दुसरा विषय सोडून देता येण्याजोगा नाही.

पाण्यावर तरंगणारे बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. पेल्यातील बर्फाचा खडा विरघळला तरी पाणी सांडत नाही, हे घरी करून पाहावे. पातळी वाढते ती जमिनीवरील बर्फ समुद्रात आल्यामुळे, आणि तापलेले पाणी फुगल्यामुळे. एकट्या ग्रीनलंडमधून अलीकडे दरवर्षी सरासरी २०० अब्ज टनांहून अधिक बर्फ घटत आहे. जगातील समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. २००६ ते २०१८ मध्ये हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता, म्हणजे भाताच्या एका दाण्याच्या निम्म्या लांबीहूनही कमी. एवढ्याशा वाढीची धास्ती कोण घेणार? पण त्याच वेगाने पंचवीस वर्षांत चार बोटे पाणी चढते, आणि वेग तर वाढतोच आहे.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वाऱ्याची जोड मिळाली म्हणजे बांध राहील की खांड पडेल, हे त्या चार बोटांवर ठरते. एकदा खारे पाणी शिरले की क्षार धुऊन निघेपर्यंत पुढचे पावसाळेही हातचे जातात. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने काढलेली भाताची वाणे काही प्रमाणात क्षार सोसतात, बुडीत शेत मात्र तीही वाचवीत नाहीत. शिवाय उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर पडते ते ओहोटीलाच. समुद्र चढला की हा अवधी आखडतो व पीक गोड्या पाण्यातच कुजते. ही दुसरी हानी बांध कितीही उंच केला तरी टळत नाही, म्हणून उघाडीची रचनाही विचारात घ्यावी लागते.

"आपल्या हयातीत काही होत नाही" आणि "ते सरकार पाहील" ही दोन उत्तरे कार्यकर्त्यांना गावोगाव ऐकू येतील. दुसऱ्याचा दोष केवळ शेतकऱ्यांवर टाकता येत नाही. पूर्वी बांध राखण्यासाठी गावाचे जोळ असे, घरटी माणूस कामावर येई. बांध शासनाच्या अखत्यारीत गेल्यावर जोळ ढिले पडले, असे जुनी माणसे सांगतात.

समुद्र हटवून शेती करणारा दुसरा देश नेदरलंड्स. तेथेही शहाणपण आधी आले नाही. १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री बांध फुटून १,८३६ माणसे दगावली, तेव्हा मोठी योजना हाती घेण्यात आली. पुढे मास नदीकाठच्या ओव्हरडीप भागात पुराच्या पाण्याला वाट देण्याचे ठरले, तेव्हा तेथील दूध-उत्पादक शेतकऱ्यांनीच उंच मातीच्या टेकाडांवर घरे व गोठे बांधण्याची योजना पुढे मांडली. ते काम २०१५ साली पूर्ण झाले. काही कुटुंबांना मात्र गाव सोडावे लागले, हेही सांगितले पाहिजे.

आमच्या बैठकीत एवढे मोठे काही ठरले नाही. बिळे बुजविण्याचे दिवस ठरले, आणि दरवर्षीच्या सर्वांत मोठ्या उधाणाची खूण उघाडीच्या दगडी भिंतीवर छिन्नीने करावी, असे त्या वृद्धांनीच सुचविले. आषाढातील उधाणाला पहिली खूण झाली. शेजारी वर्ष कोरण्याचे काम त्यांनी आपल्या नातीकडे दिले आहे.