ध्यानासाठी लाकडी कुटी : किती मोठी, कोठे व कशी?

श्रामणेर शिबिरे आपण बहुधा शाळेच्या इमारतीत किंवा विहाराच्या सभागृहात घेतो. पन्नास माणसे एका छताखाली झोपतात आणि मग ध्यानाला एकांत मिळत नाही, अशी तक्रार येते. म्हणून डोंगराच्या पायथ्याशी, झाडीत लहान लाकडी कुट्या बांधाव्यात असा विचार पुढे येतो. परंतु बोलणे सुरू झाले की गाडी लगेच स्लॅब, टाइल्स आणि देणगीदारांच्या नावाच्या फरशांवर जाते! त्याआधी विनयपिटकात काय सांगितले आहे ते पाहू.

संघादिसेसाचा सहावा नियम कुटीसंबंधीच आहे. आळवी येथील भिक्खू दात्यावाचून, स्वतःसाठी, मोठमोठ्या कुट्या बांधू लागले. माणूस द्या, बैल द्या, कुऱ्हाड द्या, असा लोकांमागे तगादा लागला. शेवटी लोक भिक्खू दिसताच वाट बदलू लागले. एवढेच नव्हे, तर गाय दिसली तरी भिक्खू आला असे समजून पळू लागले, असे तेथे नमूद आहे. पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या आपण सर्वांनी हा भाग अवश्य वाचावा. तेव्हा भगवंतांनी माप घालून दिले : लांबी बारा वीत, बाहेरून मोजलेली, रुंदी सात वीत, आतून मोजलेली. ही ‘सुगत-वीत’ होय. अट्ठकथा ती सामान्य माणसाच्या वितीच्या तिप्पट मानते. आजचे काही अभ्यासक ती सुमारे २५ सें.मी. धरतात. त्या हिशेबाने कुटी ३ मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद होते. एक माणूस झोपेल, बसेल. गप्पांना दुसरा मावणार नाही. आम्हांला हेच माप योग्य वाटते.

जागेचीही अट आहे. मुंग्या, वाळवी, साप, विंचू यांचे वसतिस्थान तेथे नसावे. शेत, स्मशान, दारूचा गुत्ता, हमरस्ता जवळ नसावा. शिवाय कुटीभोवती जुंपलेली गाडी किंवा शिडी फिरू शकेल एवढी मोकळी जागा हवी. ही मोकळी पट्टी आपल्याकडे फार कामाची आहे, कारण वाळवीची मातीची नळी भिंतीवर चढताना लगेच दिसते.

लाकूड आणायचे कोठून, याबाबत धनिय भिक्खूची कथा विसरू नये. त्याची गवताची कुटी लोकांनी तीनदा मोडून नेली. मग कुंभाराच्या या मुलाने मातीची कुटी भाजून काढली. त्यात जीवहिंसा झाली म्हणून भगवंतांनी ती मोडायला लावली. पुढे राजा बिंबिसाराने दिले आहे असे सांगून त्याने राखीव लाकूड उचलले आणि त्यावरून दुसरा पाराजिक नियम झाला. आपणही परवान्याशिवाय झाड तोडू नये, वाहतुकीच्या पासाशिवाय माल घेऊ नये. मोडलेल्या जुन्या घरांचे सागवानी वासे मिळाले तर उत्तम. ते मुरलेले असतात, वाकत नाहीत.

लाकडाचे खरे शत्रू दोन : ओल आणि वाळवी. भाजे येथील चैत्यगृहाच्या छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या आजही आहेत, कारण त्यांना ना पाऊस लागतो ना माती. आपल्या कुटीलाही हीच युक्ती लावावी. खांब जमिनीत पुरू नये. दगडी तळखड्यावर उभा करावा. जोते गुडघाभर उंच ठेवावे. छपराला चांगला उतार द्यावा आणि पागोळ्या भिंतीपासून निदान दोन-अडीच फूट लांब पडतील इतके ते बाहेर काढावे. कौले घालावीत, पत्र्यावर पाऊस पडू लागला की आनापानसती कसली? फळ्यांच्या कापलेल्या टोकांना तेल दोनदा पाजावे, कारण पाणी तेथूनच शिरते. समोरासमोर दोन खिडक्या ठेवल्या की वारा खेळतो. संडास मात्र वेगळा, उताराच्या खालच्या अंगाला आणि पाण्यापासून दूर.

आत काय ठेवावे, हे कान्हेरीच्या लहान लेण्यांत पाहावे : पुढे ओसरी, आत खोली, भिंतीलगत दगडी बाक, शेजारी पाण्याची पोढी. थायलंडच्या अरण्यविहारांत प्रत्येक कुटीपाशी चंक्रमणाची सरळ वाट असते. वीस-पंचवीस पावलांची अशी वाट आपणही झाडाच्या सावलीत आखावी आणि पालापाचोळा रोज झाडावा, म्हणजे पहाटेच्या अंधारात चालताना साप दिसेल.