तिथीची पाऊणपट आणि पायांखालची पुळण

वेळासहून निघायचं आणि केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर करत रमतगमत दाभोळ गाठायचं. गाडीने हा काही तासांचा प्रवास. पायी, गावातला जाणता माणूस सोबत घेऊन निघालात तर चार-पाच दिवस सहज जातात. एवढे दिवस कशाला? कारण या किनाऱ्याची खरी नवलं पायी चालणाऱ्यालाच दिसतात.

पहिलं नवल तर निघण्याआधीच भेटतं. ‘उद्या किती वाजता निघायचं?’ असं विचारलंत की वाटाड्या आधी तिथी बघतो. तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ निघते. उद्या चतुर्थी? चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि मधे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. मग सातला निघा, अख्खी पुळण तुमचीच!

हे जमतं कसं? चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागोमाग रोज थोडी उशिरा येते. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत हा उशीर साचत साचत २४ तासांचा होतो. तेवढ्या काळात तिथी होतात ३०. २४ तासांना ३० ने भागा: ४८ मिनिटं. आणि पाऊण तास म्हणजे ४५. तिथीमागे तीनच मिनिटांचा फरक! पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर पोट असलेल्या माणसांनी चंद्राची चाल अशी तोंडी हिशेबात बसवली.

आता चपला हातात घ्या आणि पाण्याच्या कडेने, ओल्या घट्ट वाळूवरून चाला. पाऊल टेकताच भोवतीची वाळू क्षणभर फिकट, कोरडी पडते. दिसलं? ओलं काहीही दाबलं की पाणी वर यायला हवं. इथे ते उलट आत का शिरलं? लाटांनी वाळूचे कण इतके दाटीने बसवलेले असतात की वजन पडल्यावर सरकायचं तर त्यांना एकमेकांवर चढावं लागतं. चढले की मधल्या फटी रुंदावतात, आणि वरचं पाणी त्या फटींत ओढलं जातं. हे कोडं ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये उलगडलं. आपल्या प्रत्येक पावलाखाली हा प्रयोग होतो आणि आपण तो पाहतही नाही!

थोडं पुढे पुळणीवर रांगोळ्या दिसतील. एक बारीक भोक, आणि त्याच्याभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांच्या रांगा, चहूकडे फाकलेल्या. चालता चालता एकदम थांबा आणि अजिबात हलू नका. मिनिटभरात भोकातून नखाएवढा खेकडा डोकावतो. तो वाळू तोंडात घेतो, कणांना चिकटलेलं सूक्ष्म खाद्य चाटूनपुसून घेतो आणि उरलेल्या स्वच्छ वाळूची गोळी करून बाजूला ठेवतो. मग पुढचा घास, पुढची गोळी. पाणी परत यायच्या आत त्याला जेवण उरकायचं असतं. भरती ही सगळी रांगोळी पुसून टाकते आणि पुढच्या ओहोटीला तो नव्याने सुरुवात करतो.

पुळण संपली की समोर डोंगराची सोंड आडवी येते. ती चढून जांभ्याच्या सड्यावर या आणि खाली बघा. खुल्या समुद्रात लाटा तिरक्या येत असतात, पण किनारा गाठेपर्यंत बहुतेक सगळ्या सरळ त्याच्याकडे तोंड करून उभ्या! त्यांना वळवतं कोण? समुद्राचा तळ. उथळ पाण्यात लाट मंदावते. तिचं एक टोक आधी उथळ भागात शिरतं आणि रेंगाळतं, दुसरं खोल पाण्यातून वेगाने पुढे येतं. लेझीम पथक वळताना आतला गडी जागच्या जागी पावलं टाकतो आणि बाहेरचा लांब ढांगा टाकतो, तशी अख्खी लाट वळते. या वळण्यामुळेच लाटांचा मारा डोंगराच्या सोंडांवर एकवटतो आणि त्या झिजत राहतात. दोन सोंडांमधल्या कुशीत तोच जोर पसरून हलका होतो आणि वाळू साठत जाते. कर्द्याची किंवा मुरुडाची पुळण तिथेच का, याचं उत्तर असं सड्यावरून उघड दिसतं.

आणि ही वाळूसुद्धा कायमची वस्तीला नसते. पावसाळ्यातल्या खवळलेल्या लाटा ती ओढून आत नेतात. समुद्र शांत झाला की छोट्या लाटा ती पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकतात. दिवाळीनंतर तुम्ही चालता ती पुळण बरीचशी नुकतीच परतलेली असते.

या वाळूवर ऑलिव्ह रिडले कासवांचाही भरवसा आहे. मादी रात्री येते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पुढे वाळूच ती अंडी उबवते. इतकंच नव्हे, पिल्लू नर होणार की मादी हेही वाळूच्या उष्णतेवर ठरतं. ऊब जास्त असेल तर माद्या अधिक! चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासच्या गावकऱ्यांसह ही घरटी राखायला सुरुवात केली. दाभोळची खाडी ओलांडली की पलीकडे गुहागर. तिथे २०२५ साली अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परावर धातूची खूणपट्टी होती. ती बसवली होती २०२१ मध्ये, ओडिशातल्या गहिरमाथ्याला. बंगालच्या उपसागरातला जीव अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर!

तेव्हा यंदा थंडीत चार-पाच दिवस मोकळे काढा. तिथी बघा, तिची पाऊणपट करा आणि किनाऱ्यावरच्याच गावातला वाटाड्या घ्या; भरतीला कोणती सोंड बंद होते आणि कोणत्या खाडीला होडी मिळते हे त्यालाच नेमकं ठाऊक असतं. कासवांच्या घरट्यांपासून लांब चाला, रात्री पुळणीवर विजेऱ्या पाजळू नका. आणि जिथे नवल वाटेल तिथे खुशाल बसकण मारा. दाभोळला एक दिवस उशिरा पोहोचलात तरी काही बिघडत नाही.