टूथपेस्टचा स्वाद आणि तोंडाची आग
हिरड्या लालभडक, ओठांच्या कडा सोललेल्या, साधा वरणभातही झोंबतो. आणि दोष तिखटाला नाहीतर उष्णतेला दिला जातो. अशा वेळी टूथपेस्टच्या स्वादाकडेही बघावे. दालचिनीला तिचा वास देणारे सिनामाल्डिहाइड हे यातले नेहमीचे कारण. स्पेअरमिंटमधले कार्व्होन, पेपरमिंटचे तेल, लवंगेतले युजेनॉल हेही काहींना बाधतात. ही ॲलर्जी उशिरा उमटते: शरीरातल्या टी-पेशी आधी त्या पदार्थाला ओळखायला शिकतात आणि मग पुढच्या संपर्कानंतर साधारण एक-दोन दिवसांनी दाह होतो. म्हणून वर्षानुवर्षे वापरलेली पेस्टही एकाएकी बाधू शकते आणि तिच्यावर कुणाचा संशयच जात नाही. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टमध्येही हीच तेले असू शकतात. वेष्टनावर पुष्कळदा नुसते ‘फ्लेवर’ छापलेले असते. त्रास होणाऱ्या माणसाला एवढी माहिती पुरत नाही, घटकांची नावे मिळायलाच हवीत. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या ४८ तास ठेवून नेमका पदार्थ शोधतात. फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेटही तोंडाची साल काढते, पण ती बहुधा ॲलर्जी नसते. स्वादविरहित पेस्ट वापरून, दालचिनीचे च्युइंगम आणि माउथवॉश थांबवल्यावर त्रास सहसा काही आठवड्यांत ओसरतो. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवडे टिकला, तर मात्र दंतवैद्याला लगेच दाखवावा.