रस्ता की तलाव?

धावताना पाऊल टेकलं की शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. गुडघे उगाच कुरकुरत नाहीत. तोच ७० किलोचा माणूस गळ्याइतक्या पाण्यात उभा राहिला, की तळपायांवर जेमतेम सात-आठ किलो उरतात. म्हणून सांधे दुखणाऱ्यांना डॉक्टर तलावाकडे पिटाळतात. हाडांना मात्र हे लाड मानवत नाहीत. ती घट्ट होतात ती दणके सोसूनच, आणि तिथे धावणं सरस.

कॅलरींचं म्हणाल, तर ताशी ८ किलोमीटरने अर्धा तास धावल्यावर या माणसाच्या सुमारे ३०० खर्च होतात. पोहण्यात सगळी मदार वेगावर. दमदार फ्रीस्टाइलला तेवढ्या किंवा थोड्या जास्तच. काठ धरून गप्पा मारणाऱ्यांचा हिशेब न केलेला बरा. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन. त्यामुळे हात चुकीचा पडला की दम लागतो, अंतर काही कापलं जात नाही. बूट घालून कुणीही धावत सुटेल, पोहणं आधी शिकावंच लागतं.

आणखी एक, पाण्यात आडवं असताना नाडीचे ठोके तेवढ्याच श्रमाला मिनिटाला साधारण दहाने कमी पडतात. घड्याळातला आकडा पाहून ‘आज मेहनतच झाली नाही’ असं म्हणत आणखी दोन फेऱ्या मारायचं कारण नाही.