मोबाइलवरचे दुकान

आपल्या महागाव तालुक्यात हळद पिकते. बचत गटातल्या बाया तिची पूड करून विकतात. त्या आम्हांला विचारतात, "गुरुजी, मोबाइलवर दुकान कुठं मांडावं?"

बायांनो, जागा तीन आहेत.

पहिली जागा भरल्या बाजाराची. अॅमेझॉन, फ्लिपकार्ट हे असे बाजार. तिथं गिऱ्हाईक आयतं असतं. पण कुठं कमिशन, कुठं दुसरा खर्च कापला जातो.

दुसरी जागा स्वतःच्या दुकानाची. शॉपिफायसारखी कंपनी ते भाड्यानं देते. पाटी आपली असते, पण गिऱ्हाईक आपणच आणायचं. विक्री झाली नाही तरी भाडं चुकत नाही.

तिसरी जागा ओएनडीसी. सरकारच्या पुढाकारानं ही २०२१ साली निघाली. हे दुकान नव्हे, हा रस्ता आहे. एका अॅपवर मांडलेला माल दुसऱ्या अॅपवरच्या गिऱ्हाइकालाही दिसतो.

आता हिशेब करू. समजा, किलोभर पूड ३०० रुपयांना विकली. हळद व दळणावळ २२० रुपये, कमिशन ३०, खोका १०, पार्सल ४०. उरलं काय? शून्य! माल परत आला तर पदरचेच जातील.

म्हणून आधी विचारा: कापणार किती? पार्सल कोण नेणार? परत आलं तर खर्च कुणाचा? पैसे किती दिवसांत मिळणार? उत्तरं वहीत लिहा, मग भाव ठरवा. अन्नसुरक्षेची नोंदणीही आधी करा.

आणि ध्यानात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी मागितला तर देऊ नका.